रोज दोन झू होतील का?

प्रश्न: सुट्टीत मुलांना घेऊन गाडीने चार प्राणीसंग्रहालयं करायचीत, रोज दोन उरकतील ना?

उत्तर: अहो, एकच बास. सिंह दिवसातले २० तासांपर्यंत लोळतच असतो, म्हणजे भर दुपारी पोचलात तर झाडाखाली नुसती शेपटी हलताना दिसणार आणि मुलं म्हणणार, चला आइस्क्रीम. त्यामुळे ड्रायव्हिंग दुपारनंतर, मुक्काम पुढच्या झूजवळ आणि सकाळी गेट उघडलं की आत. ऊन चढलं की सर्पालय, मत्स्यालय असलं छपराखालचं बघायचं. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस बंद असतं, ते आधी बघा, मगच रूट ठरवा. चौथं शक्यतो सफारीवालं घ्या, कारण तोवर माकडं सगळीकडे सारखीच वाटायला लागतात (मुलांना नाही, आपल्याला!).