गोव्यात चर्चचं महिला मंडळ नेमकं काय करतं? फुलं आणि फेस्ताचं जेवण, एवढंच?

फुलं दिसतात, म्हणून तेवढंच वाटतं. त्यालाही नियम आहेत: करेज्मात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) वेदी फुलांनी सजवत नाहीत, अपवाद चौथा रविवार आणि मोठे सण. एरवीही फुलं वेदीच्या भोवती ठेवायची, वर नव्हे.

खरं जोखमीचं काम कपड्यांचं. मिस्सेतला चषक पुसायचा रुमाल आणि चषकाखालचा चौकोनी कपडा थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये. आधी हाताने खळबळून ते पाणी स्वच्छ मातीत, झाडाच्या बुंध्याशी ओतावं. त्यात प्रसादाचे कण असू शकतात. नव्या बायका हमखास इथेच चुकतात. मेणाचा डाग ओला असताना चोळू नका. सुकू द्या, खरवडा, मग खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवा.

आजाऱ्यांच्या भेटी, वाड्यावरची लदीन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना), हेही असतंच.

भांडणं होतात ती पैशांवरून. चर्चचा हिशेब फाब्रिक (चर्चची मालमत्ता सांभाळणारी समिती) बघते, मंडळाची वही वेगळी ठेवा. ठरावीक कामासाठी दिलेली देणगी त्याच कामाला वापरायची, हा चर्चचा कायदाच आहे (कलम १२६७). आणि २०२१ पासून वाचक व वेदीसेवक ही पदं बायकांनाही रीतसर खुली आहेत, पाद्रीविगाराला (चर्चच्या मुख्य पाद्रीला) जरूर विचारा.