ज्युनिअर जॉन्सन एकदाही चॅम्पियन झाला नाही, तरी नॅसकारमध्ये (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या संघटनेत) त्याला एवढा मान का?

कारण तो ड्रायव्हर होता त्याहून मोठा टीम-मालक होता. पन्नास शर्यती जिंकूनही वर्षभराच्या गुणांवर ठरणारं विजेतेपद नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण तो वर्षभर सगळीकडे धावून गुण गोळा करणाऱ्यांतला नव्हता. १९६५ मध्ये ५५ पैकी ३६ शर्यतींत उतरला आणि १३ जिंकल्या. पुढच्याच वर्षी ड्रायव्हिंग सोडलं.

नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्क्स काउंटीत १९३१ चा जन्म. बापाचा धंदा हातभट्टीचा. रात्री डोंगरातल्या वाटांनी माल पोचवायचा आणि मागे लागलेल्या सरकारी गाड्यांना चकवायचं, हेच त्याचं शिक्षण. गाडी बाहेरून साधी, बॉनेटखाली दांडगं इंजिन, आणि माल भरल्यावर मागची बाजू बसू नये म्हणून जाड स्प्रिंगा. रस्त्यावर तो कधीच सापडला नाही. १९५६ मध्ये पकडला गेला तो बापाच्या भट्टीवर, आणि त्यापायी जवळपास वर्षभर तुरुंगात गेला. (१९८६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगननी माफी दिली. तोवर टीम-मालक म्हणून त्याच्या नावावर सहा विजेतेपदं होती!)

त्याचं डोकं कसं चालायचं ते १९६० च्या डेटोना ५०० या मोठ्या शर्यतीत दिसतं. त्याची शेव्हरोले पाँटिअ‍ॅकपुढे चांगलीच कमी पडत होती. सरावात तो एका पाँटिअ‍ॅकच्या अगदी मागे चिकटला आणि लक्षात आलं की आपण मागे पडतच नाही. पुढची गाडी हवा कापते, मागच्या गाडीला विरोध कमी होतो. आज याला ड्राफ्टिंग म्हणतात. शर्यतीत त्याने तेच केलं, वेगवान गाड्यांच्या मागे लटकून राहिला. शेवटी शेवटी आघाडीवरच्या बॉबी जॉन्सच्या गाडीची मागची काच उडाली, गाडी गरकन फिरली आणि जॉन्सन जिंकला. नशीब म्हणा, पण तिथवर पोचायला अक्कल लागली.

मालक म्हणून केल यारबरो या ड्रायव्हरबरोबर १९७६, ७७, ७८ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं, मग डॅरेल वॉल्ट्रिपबरोबर १९८१, ८२ आणि ८५. माझ्या मते याहूनही मोठी गोष्ट वेगळीच आहे. टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद होणार होत्या, तेव्हा तो आपल्या गाडीसाठी पैसे मागायला आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीकडे गेला. त्यांच्या हातात गाडीला लागणाऱ्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे कळल्यावर त्याने त्यांना थेट नॅसकारकडे धाडलं. त्यातूनच १९७१ पासून नॅसकारच्या मुख्य मालिकेला त्यांच्या सिगारेटचं नाव मिळालं, विन्स्टन कप.

साधुसंत मात्र समजू नका. १९९१ मध्ये नियमापेक्षा मोठं इंजिन सापडलं म्हणून त्याच्यावर काही आठवड्यांची बंदी आली होती. आणि १९९२ चं विजेतेपद त्याच्या टीमचा ड्रायव्हर बिल एलियटच्या हातून अवघ्या दहा गुणांनी गेलं. ते नेलं अ‍ॅलन कुलविकीने, ज्याने आधी जॉन्सनची नोकरी नाकारून स्वतःचीच टीम चालवली होती.