चीनच्या शाही दरबारातील विद्वान अधिकाऱ्याची कारकीर्द प्रत्यक्षात कशी असे?

परीक्षा उत्तीर्ण होऊन सम्राटाच्या सेवेत आलेल्या विद्वानाचे पुढचे आयुष्य कसे जात असे, असे आपण विचारले आहे. सर्वसाधारण विधाने करण्यापेक्षा एका माणसाची नोकरी डोळ्यांसमोर ठेवणे बरे, म्हणून मी सोंग राजवटीतील सू शी याच्याविषयी लिहितो. त्याचे चरित्र मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. लेखनाच्या बळावर पद मिळे, पदावर गेल्यावरही लेखन हेच मुख्य काम असे आणि घात व्हायचा तर तोही लेखनातूनच होई, असे माझे मत त्यातून बनले आहे.

सू शी सिच्वानमधील मेइशानचा. १०५७ मध्ये त्याने राजधानी कायफेंग येथे परीक्षा दिली. त्या काळी उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून टाकत आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून सगळी उत्तरे पुन्हा लिहून घेत. मुख्य परीक्षक ओयांग शियू याला सू शीचा निबंध इतका आवडला, की तो आपल्याच शिष्याचा असावा असे वाटून, पक्षपाताचा ठपका नको म्हणून त्याने त्याला दुसरा क्रमांक दिला. त्याच वर्षी आई आणि १०६६ मध्ये वडील वारले, तेव्हा प्रत्येक वेळी रिवाजाप्रमाणे सुमारे सव्वादोन वर्षे सारे बाजूला ठेवून त्याला गावी शोक पाळावा लागला.

तो परत आला तेव्हा सम्राटाचा मंत्री वांग आन-शी याच्या सुधारणा सुरू झाल्या होत्या. शेतकऱ्यांना सरकारी कर्ज देण्याची योजना हेतूने चांगली असली, तरी कर्ज गळ्यात मारले जाते आणि वसुलीत माणसे भरडली जातात, असे सू शीने सम्राटाला लिहून कळवले. परिणामी १०७१ मध्ये तो राजधानीबाहेर पडला आणि एकामागून एक प्रांतांत बदलत राहिला. मला स्वतःला त्याची खरी योग्यता इथेच दिसते. १०७७ मध्ये पीत नदीचे पाणी शुझोऊच्या तटाला भिडले, तेव्हा शहर सोडून निघालेल्या धनिकांना त्याने परत आत आणले आणि आपल्या अखत्यारीत नसलेल्या शाही सैनिकांकडे स्वतः जाऊन मदत मागितली. पाणी ओसरेपर्यंत तो तटावरच मुक्कामाला होता.

१०७९ मध्ये त्याची हुझोऊ येथे बदली झाली. नव्या जागी रुजू झाल्यावर सम्राटाला आभाराचे पत्र पाठवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच असे. त्या पत्रातील एक-दोन वाक्ये आणि जुन्या कविता हाच सम्राटाची आणि सुधारणांची टिंगल केल्याचा पुरावा धरून अधिकाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या दक्षता खात्याने त्याला पकडून राजधानीत नेले आणि प्रत्येक ओळीचा अर्थ काय, याची महिनोन्महिने जबानी घेतली. धाकटा भाऊ सू झ याने भावाला सोडवण्यासाठी स्वतःचे पद देऊ केले. अखेर जीव वाचला आणि हुआंगझोऊ येथे नावापुरती नेमणूक मिळाली. सरकारी कागदावर सही करण्याचा अधिकार मात्र काढून घेतला होता.

पगार जवळजवळ थांबला होता. तेथून एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की महिन्याच्या पहिल्या दिवशी साडेचार हजार नाणी घेऊन त्यांच्या तीस माळा करायच्या आणि त्या आढ्याला टांगायच्या. रोज सकाळी चित्रे टांगायच्या आकडीने एक माळ उतरवायची आणि लगेच आकडी लपवून ठेवायची. दिवसाअखेर जे उरेल ते बांबूच्या नळकांड्यात, पाहुण्यांच्या खर्चासाठी. शहराच्या पूर्वेकडील पडीक उतारावर त्याने शेती केली आणि त्या उतारावरून ‘दोंगपो’ हे टोपणनाव घेतले.

१०८५ मध्ये सम्राट शनझोंग वारला आणि सुधारणांना विरोध करणारे सू शीचे पक्षबंधू सत्तेवर आले. त्याला मोठी पदे मिळाली, पण त्यांचा नेता स-मा ग्वांग सगळ्याच सुधारणा मोडीत काढू लागला, तेव्हा वेठबिगारीऐवजी पैसे घेऊन मजूर लावण्याची पद्धत लोकांच्या हिताची आहे, ती राहू द्या, असे तो भांडून सांगू लागला. त्यामुळे तो दोन्हीकडच्यांना नकोसा झाला. १०८९ मध्ये तो हांगझोऊला गेला आणि तेथील पश्चिम सरोवराचा गाळ उपसून त्याचाच लांब बांध घातला. तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे पुन्हा हद्दपारी, आधी हुइझोऊ आणि मग थेट हाइनान बेट. माफी मिळून परतताना ११०१ मध्ये चांगझोऊ येथे तो वारला. त्यानंतर दोनच वर्षांत त्याच्या लेखनाचे छपाईचे लाकडी ठसे जाळून टाकण्याचा हुकूम दरबारातून निघाला.