सरकारी सॉफ्टवेअरच्या कोडला ‘सी’ ग्रेड आली, म्हणून नवं टेंडर काढावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: विभागाच्या लाभार्थी नोंदणीच्या सॉफ्टवेअरवर सोनारक्यूब हे कोड आपोआप तपासणारं टूल चालवलं, मेंटेनेबिलिटीला (कोड सांभाळायला किती सोपा, याला) ‘सी’ आली, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार संपत आला आहे आणि साहेब म्हणतात की या रिपोर्टवरूनच ठरवू, जुन्या व्हेंडरला मुदतवाढ द्यायची की सगळं नव्याने लिहून घ्यायचं. सरकारी प्रकल्पांचा कोड तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून सरळ सांगतो. त्या एका अक्षरावर टेंडर काढू नका. आणि रिपोर्ट नस्तीला लावून मोकळेही होऊ नका.

ती ‘सी’ येते कशी ते आधी बघा. टूल प्रत्येक खटकलेल्या ठिकाणी दुरुस्तीची काही मिनिटं धरतं, त्यांची बेरीज करतं आणि एवढा कोड लिहायला किती वेळ लागला असता या अंदाजाने तिला भागतं. हा अंदाज मूळ सेटिंगमध्ये ओळीमागे सरसकट ३० मिनिटांचा असतो. उत्तर ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ‘ए’, १० पर्यंत ‘बी’, २० पर्यंत ‘सी’. आता छेदात ओळींची संख्या आहे म्हटल्यावर उगाच फुगवलेल्या कोडची ग्रेड सुधारू शकते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. शिवाय ग्रेडवर बिल अडकवलं की व्हेंडर कोड सुधारण्याऐवजी टूलमधले अडचणीचे नियमच बंद करून टाकतो. हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

टूलला जे दिसत नाही ते बघायचं असेल तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण घ्या. १९९९ पासून टपाल कार्यालयांच्या काउंटरवर हे हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवायला सुरुवात झाली. त्याच्या आदल्या वर्षीच, १९९८ मध्ये, ते बनवणाऱ्या आयसीएल पाथवे या फुजित्सूच्या उपकंपनीने काउंटरच्या भागातले बग, म्हणजे कोडमधले दोष, निपटायला एक पथक बसवलं होतं. पथकाच्या अहवालात एक छोटं फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) नमुना म्हणून दिलं आहे. काम एवढंच, की संख्येचं चिन्ह उलटं करायचं. कुणीही समोर एक उणे लिहील आणि पुढे जाईल. इथे लिहिलं होतं: संख्या शून्यापेक्षा लहान असेल तर तिचं निरपेक्ष मूल्य घ्या, नसेल तर संख्येतून तिचीच दुप्पट वजा करा. हे लिहिणाऱ्याला प्राथमिक गणितही कळत नाही, अशा अर्थाचा शेरा अहवालात आहे.

गंमत म्हणजे हे फंक्शन उत्तर बरोबर देतं. पाचाचे उणे पाच होतात, उणे पाचाचे पाच. टेस्ट पास, यूएटी (वापरणाऱ्यांनी घ्यायची चाचणी) पास, आणि आजचं टूल लावलं तरी बहुधा लाल दिवा लागणार नाही. त्या फंक्शनमुळे कुणी तुरुंगात गेलं असंही नाही. पण पैशाचा हिशोब करणारा कोड कोणाच्या हातून लिहिला जातोय, आणि तो दुसऱ्या कुणी वाचतच नाहीये, हे त्या चार-पाच ओळी वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पुढे कंपनीच्याच अंतर्गत ऑडिटमध्ये तो भाग नव्याने लिहायची शिफारस झाली. मे २००० मध्ये व्यवस्थापनाने विषय बंद केला: पुनर्लेखनाचा खर्च नको, देखभालीचा चालू खर्च आम्हाला मान्य आहे. हे कागद बाहेर आले ते दोन दशकांनी, सार्वजनिक चौकशीत. तोपर्यंत हिशोबात तूट दिसते म्हणून काउंटर चालवणाऱ्या ९०० हून अधिक लोकांना शिक्षा होऊन गेल्या होत्या. अशा तुटी सॉफ्टवेअरमधल्या दोषांमुळे येऊ शकत होत्या हे तिथल्या हायकोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केलं, आणि सरसकट शिक्षा रद्द करायला संसदेला २०२४ मध्ये कायदा करावा लागला. तपासणी झाली होती, निष्कर्षही नेमका होता. फक्त तो त्यांच्याकडेच राहिला ज्यांना दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागला असता.

उलटं उदाहरण अमेरिकेतल्या एफबीआयचं. ‘व्हर्च्युअल केस फाइल’ या तपासाच्या फायली संगणकावर आणण्याच्या त्यांच्या प्रकल्पावर १७ कोटी डॉलर गेले, सुमारे ७ लाख ओळींचा कोड हातात आला. तो जसाच्या तसा वापरता येईना, तेव्हा त्यांनी कंत्राटदाराला न विचारता एरोस्पेस कॉर्पोरेशन या त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घेतली. सल्ला आला की हे टाकून द्या, आणि २००५ मध्ये ते खरंच टाकून दिलं. धाडसी निर्णय, योग्यही. मात्र त्याच्या जागी आलेलं ‘सेंटिनल’ पूर्ण व्हायला २०१२ उजाडलं, तेही मधेच काम कंत्राटदाराकडून बरंचसं स्वतःकडे घेतल्यावर. ‘नव्याने लिहून घेऊ’ म्हणणाऱ्या साहेबांना ही तारीख जरूर दाखवा.

आता तुमच्या विभागाचं. मी तुमच्या जागी असतो तर ग्रेड बाजूला ठेवून पहिल्यांदा एक कोरा लॅपटॉप घेतला असता, व्हेंडरच्या माणसाला खोलीबाहेर बसवलं असतं आणि तुमच्या ताब्यातल्या सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर उभं राहतं का ते पाहिलं असतं. बऱ्याचदा राहत नाही. एखादी लायब्ररी (कोडला लागणारा तयार भाग) व्हेंडरच्याच सर्व्हरवर असते, नाहीतर प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या चालू सॉफ्टवेअरवर, थेट हात मारलेला असतो आणि तो बदल कोडमध्ये आलेलाच नसतो. हे निघालं तर नवं टेंडर काढायच्या स्थितीत तुम्ही मुळात नाहीच, कारण नव्या माणसाला द्यायला तुमच्याकडे काही नाही.

मग एक जीआर घ्या आणि कोडमधून फिरवून बघा. सरकारी सॉफ्टवेअरला खरा ताण गर्दीचा कमी, नियम बदलण्याचा जास्त. लाडकी बहीण योजनेत २०२४ च्या जूनअखेरच्या जीआरमध्ये कमाल वय ६० होतं, जुलै लागताच ते ६५ झालं. तुमच्या योजनेत असं उद्या झालं तर किती ठिकाणी हात घालावा लागेल? मी तपासलेल्या एका प्रणालीत अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा चार ठिकाणी लिहिलेली होती: फॉर्मच्या जावास्क्रिप्टमध्ये, जावाच्या सर्व्हिसमध्ये, डेटाबेसच्या प्रोसिजरमध्ये आणि पेमेंटच्या यादीच्या क्वेरीमध्ये. पहिल्या तिन्हीत ‘अडीच लाख किंवा कमी’ होतं, चौथ्यात नुसतं ‘कमी’. म्हणजे दाखल्यावर बरोबर अडीच लाख असलेल्या बाईचा अर्ज मंजूर व्हायचा, एसएमएस जायचा आणि पैसे कधीच यायचे नाहीत. तिने तालुक्याला कितीही खेपा घातल्या तरी स्क्रीनवर ‘मंजूर’च दिसणार. टूलने या चारही फाइलना ‘ए’ दिलेली होती.

तिसरं, गिटचा इतिहास, म्हणजे कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद. कुठल्या फाइल सतत बदलतात आणि त्यातल्या कुठल्या गुंतागुंतीच्या आहेत ते काढा. वर्षानुवर्षं कुणी न शिवलेल्या फाइलमधला घाणेरडा कोड तसाच पडून राहू दे, तो कुणाला चावत नाही. सगळा त्रास मूठभर फाइलमधून येत असतो, आणि तुमची ‘सी’ नेमकी त्यांचीच आहे का, हा प्रश्न साहेबांच्या टिपणीत आला पाहिजे. तसं असेल तर बहुतेक वेळा माझा सल्ला एक वर्षाची मुदतवाढ, तेवढेच भाग नव्याने लिहायची अट, आणि ग्रेड लावायचीच तर फक्त नव्याने आलेल्या कोडला, असा असतो. ही तपासणी करणाऱ्याचं बिल व्हेंडरमार्फत जाता कामा नये, ते विभागाने थेट द्यावं.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही: तुमच्याकडे इतिहासासकट रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांचं भांडार) आहे, की दर रिलीजला ईमेलने येणारी झिप फाइल? झिपच असेल तर वरचं तिसरं काम होणारच नाही. मुदतवाढीच्या पत्रात पहिली अट पूर्ण रिपॉझिटरी विभागाच्या खात्यावर आणण्याची घाला, आणि ती पुरी होईपर्यंत पहिला हप्ता सोडू नका.