राज्यात एकच मोठं शहर असावं की अनेक मध्यम शहरं?

कर्नाटक-तेलंगणासारखं एका महानगराचं राज्य बरं, की गुजरात-महाराष्ट्रासारखं अनेक शहरांचं, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरचा. इथून कलबुर्गी, विजयपूर शे-सव्वाशे किलोमीटरवर आणि हैदराबादला तर आमच्याकडच्या निम्म्या विणकरांची सोयरीक, त्यामुळे दोन्ही तऱ्हा जवळून पाहतो. माझ्या मते अनेक शहरांचं राज्य केव्हाही बरं. पण महाराष्ट्र त्यात खरोखर मोडतो का, ते आमच्याकडून पाहिलं तर वेगळं दिसतं.

2011 च्या जनगणनेत बेंगळुरू 84 लाखांच्या वर आणि कर्नाटकातलं दुसरं शहर हुबळी-धारवाड साडेनऊ लाखांच्या आत. तेलंगणात हैदराबादनंतर थेट वरंगल, साधारण दहाव्या हिश्शाचं. गुजरातेत मात्र अहमदाबाद 55 लाख, तर सुरत 44 लाख. सुरतेला ना राजधानी ना हायकोर्ट. कापड आणि हिरे यांच्या जोरावर ती वाढली. महाराष्ट्राची यादी तर आणखी लांब: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर.

या यादीतलं आमचं नाव जरा नीट बघा. 2001 ला सोलापूर 8.72 लाख होतं, 2011 ला 9.51 लाख झालं. दहा वर्षांत वाढ नऊ टक्के, आणि त्याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढली. मग इथली पोरं गेली कुठे? रविवारी रात्री पुणे नाक्यावर या. ट्रॅव्हल्सच्या गाड्या ओळीने लागलेल्या असतात, पोरांच्या पाठीला लॅपटॉपची सॅक आणि हातातल्या पिशवीत कडक भाकरी अन् शेंगा चटणी. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, आमच्या गल्लीत खाली माग, वर बिऱ्हाड. मागावर अजून चादरी, टॉवेल निघतात, पण वरच्या मजल्यावर आता बहुतेक घरांत म्हातारी माणसंच उरलीत.

हे शहर कुणाच्या सावलीत वाढलेलं नाही. 1877 मध्ये 'जुनी गिरणी' नावाची कापडगिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू आल्या, आणि तेलंगण, कर्नाटक, मराठवाड्यातून माणसं पोटासाठी इथे आली. गिरण्या बुडाल्या आणि तेवढ्या तोलाचं दुसरं काही उभं राहिलं नाही. मध्यम शहर टिकायचं तर त्याच्याकडे बाहेर विकायला स्वतःचं काहीतरी लागतं. आणि त्या धंद्याचे निर्णय जिथे होतात ती खुर्चीही फार लांब असून चालत नाही. लोकसंख्येच्या तक्त्यात ही दुसरी गोष्ट दिसतच नाही.

साखरेचंच घ्या. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. साखर आयुक्त मात्र पुण्यात, साखर संकुलात. एफआरपी, म्हणजे उसाला सरकारने ठरवलेला किमान दर, थकली की इथल्या ऊस उत्पादकाने अडीचशे किलोमीटर जाऊन तिथल्या दारात बसायचं. मागवाल्याचे कागद शेवटी नागपूरला जातात, कारण वस्त्रोद्योगाचं आयुक्तालय तिथे आहे.

याहून मला लागणारी गोष्ट अनुशेषाची, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाच्या तुटीची. 1994 मध्ये ही तूट भरून काढायला वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि आम्ही 'उर्वरित महाराष्ट्रा'त. म्हणजे मुंबई-पुण्याच्याच टोपलीत! आमच्या सांगोला-मंगळवेढ्याची कोरडवाहू जमीन आणि पुण्याचे कारखाने यांची एकत्र सरासरी काढली, तर आम्ही संपन्नच दिसणार. विदर्भ-मराठवाड्याला मिळालं त्याचा मला हेवा नाही, ते त्यांच्या हक्काचंच होतं. पण मोठ्या शहरासोबत एका विभागात मोजलं गेलं की छोट्याचं दुखणं आकड्यांत बुडतं, आणि ते कुणी मुद्दाम केलेलंही नसतं, म्हणून भांडायला समोर कुणी सापडत नाही.

आता उलट बाजू. ज्या कर्नाटकाला आपण एका शहराचं राज्य म्हणतो, तिथे आमच्याहून बरंच लहान असलेल्या कलबुर्गीला 2008 मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ मिळालं आणि 2013 मध्ये ते कायमही झालं. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू होईपर्यंत सोलापूरच्या पक्षकाराला मुंबईच गाठावी लागायची. वकिलाच्या फीवर गाडीभाडं आणि लॉजचा खर्च वेगळा. बेंगळुरू, हैदराबादच्या कमाईवर त्यांच्या सरकारांच्या तिजोऱ्या भरतात हेही खरंच, त्यामुळे मोठ्या शहराला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

तेव्हा दोन राज्यांची तुलना करताना मोठी शहरं मोजून थांबू नका. कुठलंही मधलं शहर घ्या आणि विचारा: इथल्या मुख्य पिकाचं, मुख्य धंद्याचं कार्यालय कुठे आहे? हायकोर्टाचं काम उरकून माणूस त्याच रात्री घरी पोचतो का? इंजिनीअर झालेल्या पोरीला इथे नोकरी आहे का? आमच्याकडे एक उदाहरण चांगलं आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून सोलापूरलाच, केगावला आहे, आणि तेल्या रोगाने बाग धरली की शेतकरी फांदी कापून पिशवीत घालतो आणि थेट तिथे जातो. हातमाग-यंत्रमागाचं असं एखादं केंद्र, डिझाइन आणि रंगाईच्या प्रयोगशाळेसह, पूर्व भागात व्हावं ही माझी जुनी मागणी आहे.