शनिवारचा खाडा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठवड्यातून दीड तास जाऊन काय होणार, आणि आपण फुकट शिकवलं तर सरकारचंच फावतं ना, असं विचारलंयस. आधी कौतुक वाटलं. तुझ्या वयात मला हे सुचलंही नव्हतं. मग शेवटची ओळ वाचली आणि राग आला. गेले तीन शनिवार तू शाळेत शिकवायला गेलेली नाहीस.

प्रश्न पडला म्हणून खाडा? प्रश्न घेऊन जायचं, पोरी. खाडा करायचा नाही.

सरकारचं म्हणतेस ते खरंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शाळेबाहेरचं काम लावता येत नाही. तरी तूच लिहितेस की गुरुजी मोबाइलवर माहिती भरत बसतात आणि चार इयत्ता एका खोलीत कोंबलेल्या असतात. याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांना दिल्या आहेत, आणि निम्म्या सदस्य बायका हव्यात. त्या आयांना हे कोण सांगणार? त्यांना दर शनिवारी दिसते तीच. अधूनमधून उगवणाऱ्या ताईचं कोण ऐकतं? भांडायचं असेल तरी आधी हजेरी लाव.

मी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होते. सात दिवसांच्या शिबिरात आम्ही एका शाळेच्या भिंतीवर बाराखडी रंगवली. चौथीतला एक मुलगा माझा रंगाचा डबा धरून उभा असायचा. त्याला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती. मग मी शनिवारची सकाळची शाळा धरली. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. ते भरले, प्रमाणपत्र मिळालं, परीक्षा आल्या, मी थांबले. तो तेव्हा जोडाक्षरांपाशी होता. ‘पाणी’, ‘गाडी’ धडाधड वाचायचा, ‘रस्ता’ आला की माझ्या तोंडाकडे बघायचा. पावसाळ्यात आठवडी बाजारात भेटला, आईच्या मिरच्यांच्या पाटीमागे. ‘ताई, शनिवार कधी?’ म्हणाला. ‘येते हं’ म्हटलं. गेले नाही.

पुढे नोकरी लागल्यावर दुसऱ्या एका शाळेत एकोणीस वर्षं शनिवार पाळला. पुतणीच्या साखरपुड्याला दुपारी पोचले, जाऊबाई अजून बोलून दाखवतात. बढतीची बदली नाकारली, कारण तिथून सकाळच्या शाळेला पोचता आलं नसतं. घरात सगळ्यांनी हट्टी ठरवलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरंच नाही. पगार थोडा कमी आला, एवढंच ना? ‘रस्ता’वर अडलेल्या त्या पोराचं मात्र अजून वाटतं.

१९४५ मध्ये अनुताई वाघ ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला लागल्या, मग कोसबाडला गेल्या आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्याच कामात राहिल्या. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. तुला सगळं आयुष्य दे म्हणत नाही. दीड तास दे, पण दर आठवड्याला तोच दे. सहलीला जाऊ नकोस, फोटो काढू नकोस, वाढदिवसाचा केक नेऊ नकोस. खाडा तेवढा करू नकोस.

रागावले म्हणून रुसू नकोस. तुझ्यात दम नसता तर एवढं लिहिलंच नसतं.

या शनिवारी जा. तीन आठवडे का आली नाहीस ते मुलांना खरं सांग. आजारी होते म्हणू नकोस, त्यांना कळतं. मग ती दुसरीतली मुलगी, जी तुला खिडकीशी बसून वाचून दाखवते, तिला आधी जवळ घे. सोबत जोडाक्षरांच्या पट्ट्या पाठवते आहे. ‘र’च्या वेगळ्या बांधल्यात, रफाराच्या सगळ्यात शेवटी काढ.

तुझी,
मावशी