बाय-ची एकही लढाई हरला नाही, मग त्याच्याच राजाने त्याला मरायला का लावलं?

बाय-ची हा प्राचीन चीनमधला सेनापती. थोडक्यात उत्तर हवं असेल तर, राजाने "जा, लढ" म्हटलं आणि बाय-ची नाही म्हणाला म्हणून. पण तो नाही का म्हणाला हे कळायला आधी त्याने चांगपिंगच्या लढाईत काय केलं ते बघावं लागतं, कारण माझ्या मते त्याचं मरण तिथेच ठरलं होतं. मी या काळाबद्दल बरीच वर्षं वाचतोय आणि दर वेळी बाय-चीपाशी येऊन थांबतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी काळ सांगतो. चीन तेव्हा एक देश नव्हता, सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसली होती. पश्चिमेला चिन, त्याच्या शेजारी हान, वेई आणि झाओ, दक्षिणेला अवाढव्य चू. बाय-ची चिनचा, आजच्या शान्शी प्रांतातल्या मेई गावचा. त्याच्या बालपणाबद्दल काहीच हाती लागत नाही, तो थेट इ.स.पू. २९४ मध्ये हानवर चाल करून जाणारा अधिकारी म्हणूनच समोर येतो. चिनमध्ये शांग यांग या मंत्र्याच्या सुधारणांपासून नियम असा होता की शत्रूच्या सैनिकाचं मुंडकं आणलं की हुद्दा वाढणार, जमीन मिळणार, घर मिळणार, मग तो शेतकऱ्याचा पोरगा का असेना. म्हणून चिनच्या नोंदींमध्ये प्रत्येक लढाईपुढे मुंडक्यांचा आकडा असतो. हे डोक्यात ठेवा, नाहीतर पुढचे आकडे वाचून वाटेल की हा माणूस एकटाच राक्षस होता. तो ज्या यंत्रणेत वर चढला ती यंत्रणाच मुंडकी मोजणारी होती.

इ.स.पू. २९३ मध्ये यीच्युएला हान आणि वेईची एकत्र फौज त्याने मोडली, नोंद २,४०,००० मुंडक्यांची. तिथून त्याची चढती कमान सुरू झाली, वेईची ६१ गावं-शहरं घेतली, मग चू. इ.स.पू. २७९ मध्ये येन शहर काही केल्या पडेना तेव्हा त्याने लांबून नदीचं पाणी चर खणून आणलं आणि शहरात सोडलं, तट कोसळला आणि बुडून मेलेल्यांचा आकडा नंतरच्या एका भूगोलग्रंथात लाखांमध्ये दिलाय. तो चर पुढे शेतीचा कालवा झाला, हुबेई प्रांतात आजही त्याच्या पाण्यावर शेतं भिजतात आणि २०१८ मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाच्या यादीत घेतलंय. येननंतर पुढच्याच वर्षी, इ.स.पू. २७८ मध्ये, त्याने चूची राजधानी यिंग घेतली, चूच्या राजांची थडगी जाळली आणि चूच्या दरबाराला पूर्वेकडे पळावं लागलं. कवी छू युआनने नदीत उडी घेतली ती याच दुःखाने असं परंपरा सांगते, आणि ड्रॅगन बोटींचा सण त्याच्याच आठवणीत होतो. बाय-चीला या मोहिमेनंतर वू-आनचा सरदार ही पदवी मिळाली. इ.स.पू. २७३ मध्ये ह्वायांगची लढाई, आणखी १,३०,००० मुंडकी, शिवाय झाओचे २०,००० सैनिक पीत नदीत बुडवले.

आता चांगपिंग. चिनने हानचा शांगदांग नावाचा डोंगराळ भाग बाकीच्या हानपासून तोडला, तर तिथल्या अधिकाऱ्याने चिनला शरण जाण्याऐवजी आपली १७ गावं झाओला देऊन टाकली. झाओच्या राजाला फुकटचा मुलूख दिसला आणि त्याने तो घेतला. चिन भडकलं. झाओने पाठवला लियान पो, म्हातारा, मुरलेला सेनापती. त्याने सुरुवातीला थोडा मार खाल्ला आणि मग तटबंदी करून बसला तो हलायलाच तयार नाही, कारण त्याला माहीत होतं की चिनची रसद लांबून येतेय, थांबण्यात आपला फायदा आहे. चिनचा मंत्री फान जू याने मग झाओच्या राजधानीत पैसा चारून अफवा सोडली की चिनला त्या म्हाताऱ्याची भीती नाही, भीती आहे ती झाओ क्वोची. हा झाओ क्वो एका नावाजलेल्या सेनापतीचा मुलगा, युद्धावर बोलायला लागला की बापालाही ऐकत नसे. बाप मरण्याआधी बायकोला सांगून गेला होता की याच्या हाती फौज दिली तर फौज बुडेल. त्या आईने राजाला लिहून कळवलं की पोराला पाठवू नका, राजाने ऐकलं नाही, तेव्हा तिने एवढंच मागून घेतलं की हरला तर घरच्यांना शिक्षा करू नका. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लक्षात राहते ती ही बाई.

इकडे चिनने गुपचूप बाय-चीला आणलं, आणि हुकूम काढला की बाय-ची आलाय हे जो फोडेल त्याचं डोकं उडेल. झाओ क्वो आल्या आल्या तटातून बाहेर पडला, चिनची फौज मुद्दाम मागे हटली, हा पाठलाग करत थेट चिनच्या तटापर्यंत गेला. तेवढ्यात चिनच्या २५,००० लोकांनी मागून जाऊन परतीची वाट कापली आणि ५,००० घोडेस्वार झाओच्या फौजेच्या आणि तिच्या तळाच्या मधे घुसले. झाले दोन तुकडे, रसद बंद. चिनचा राजा झाओशियांग (नावात झाओ असलं तरी राजा चिनचाच) स्वतः सीमेजवळ गेला, तिथल्या लोकांचा एकेक हुद्दा वाढवला आणि १५ वर्षांवरच्या प्रत्येकाला चांगपिंगला धाडलं, म्हणजे बाहेरून मदत येऊच नये. ४६ दिवस झाओच्या सैनिकांना अन्न मिळालं नाही, ते आपल्यातल्याच लोकांना मारून खायला लागले. शेवटी झाओ क्वो निवडक माणसं घेऊन बाहेर पडला आणि बाणांनी मेला. उरलेले, नोंदीप्रमाणे ४,००,०००, शरण आले.

बाय-चीने हिशोब केला की शांगदांगच्या लोकांना आपण नको होतो, हे झाओचे लोकही उद्या उलटतील, यांना खायला घालणंही जमणार नाही. त्यांना फसवून सगळ्यांना मारलं आणि पुरलं, फक्त २४० कोवळी पोरं परत पाठवली, घरी जाऊन सांगायला. लढाईची आणि कत्तलीची मिळून नोंद ४,५०,००० ची आहे. हा आकडा फुगवलेला आहे असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं आणि मलाही एवढी फौज एका खोऱ्यात पोसणं शक्य वाटत नाही, पण कत्तल खोटी नाही. १९९५ मध्ये शान्सी (हा शान्शीहून वेगळा) प्रांतातल्या गावपिंगजवळ, म्हणजे जुन्या चांगपिंगजवळ, योंगलू गावात खणलेल्या एका खड्ड्यात १३० च्या आसपास सांगाडे निघाले, बहुतेकांना आधी मारून मग आत टाकलेलं. "जिवंत पुरले" असं सगळीकडे लिहितात, निदान त्या खड्ड्यापुरतं तरी ते बरोबर दिसत नाही. आणि हे सगळं इ.स.पू. २६० मध्ये, आपल्याकडे अशोकाचं कलिंग युद्ध साधारण त्याच सुमाराचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यापुढे आहे. बाय-चीला लगेच झाओची राजधानी हानदान घ्यायची होती, झाओ तेव्हा खरोखर अर्धमेलं होतं. पण हान आणि झाओने सू दाय नावाचा मुत्सद्दी फान जूकडे पाठवला, त्याने कानात सांगितलं की झाओ पडलं तर बाय-ची तुमच्या डोक्यावर बसेल. फान जूने राजाकडून तह करवला, फौज परत बोलावली. बाय-ची आणि फान जूचं वितुष्ट तिथून. काही महिन्यांनी राजाला परत हुक्की आली आणि हानदानवर फौज गेली, बाय-ची आजारी होता म्हणून दुसरा सेनापती. ती फौज मार खायला लागली तेव्हा बरा झालेल्या बाय-चीला राजाने जायला सांगितलं. बाय-ची म्हणाला, चांगपिंग आपण जिंकलं खरं, पण आपलेही निम्म्याहून जास्त सैनिक मेलेत, देश आतून रिकामा झालाय. इतके डोंगर-नद्या ओलांडून दुसऱ्याची राजधानी घ्यायला जायचं, आतून झाओ आणि बाहेरून बाकीची राज्यं तुटून पडतील, हे होणार नाही. राजाने हुकूम केला, मग फान जूला पाठवलं, हा आजाराचं कारण सांगून बसून राहिला.

आणि तो बरोबर होता. हानदानमध्ये सरपण संपलं तर लोक हाडं जाळत होते, सरदारांच्या घरच्या बायका सैनिकांच्या बरोबरीने राबत होत्या, ३,००० माणसं मरायच्या तयारीने बाहेर पडली, पण शहर शरण गेलं नाही. कसं जाईल? शरण गेलेल्यांचं बाय-ची काय करतो हे त्या प्रत्येक घराला माहीत होतं, कोणाचा बाप कोणाचा भाऊ चांगपिंगला गाडलेला. मला हेच सांगायचंय, हानदान अजिंक्य केलं ते बाय-चीनेच, आणि ते अजिंक्य आहे हे चिनमध्ये सगळ्यात आधी ओळखलं तेही बाय-चीनेच. शेवटी वेई आणि चूची मदत आली आणि चिनची फौज फुटली.

बाय-ची म्हणाला, माझं ऐकलं नाही, आता बघा काय झालं. हे राजाच्या कानावर गेलं. त्याची पदवी काढून त्याला साधा शिपाई केलं आणि राजधानीतून हाकललं. पश्चिम दरवाजातून निघून तो दहा ली म्हणजे चारेक किलोमीटर गेला असेल, दूयोऊ नावाच्या ठिकाणी, तेवढ्यात दरबारात ठरलं की हा मनात राग धरून चाललाय, आणि मागून तलवार पोचली. इतिहासकार सीमा छ्येनने दीडशे वर्षांनी लिहिलंय की बाय-चीने आधी विचारलं, मी देवाचा काय गुन्हा केला, आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला की मी मरायलाच हवं, चांगपिंगला शरण आलेल्या लाखोंना मी फसवून मारलं. साल इ.स.पू. २५७. हे शब्द तो खरंच बोलला की नंतर त्याच्या तोंडी घातले, यावर भांडत बसण्यात मला रस नाही, पण दरबाराने लावलेला आरोप आणि त्याने स्वतःवर लावलेला आरोप पूर्ण वेगळे आहेत ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

चिनच्या लोकांनी त्याच्यासाठी हळहळ केली, गावोगाव त्याला नैवेद्य दाखवला. झाओच्या बाजूला वेगळंच. गावपिंगमध्ये, म्हणजे जुन्या चांगपिंगमध्ये, टोफू निखाऱ्यावर भाजून त्यावर लसूण-आलं घातलेला सोयाबीनचा चोथा लावून खातात, नाव "बाय-चीचं मांस". तो टोफू म्हणजे त्याचं अंग आणि तो चोथा म्हणजे त्याचा मेंदू, असं तिथले लोक सांगतात.

फान जूचंही भलं झालं नाही. त्याने शिफारस केलेला सेनापती हानदानपाशी २०,००० माणसांसह झाओला शरण गेला आणि पुढे फान जूला पद सोडावं लागलं. अजून वाचायचं असेल तर सीमा छ्येनच्या इतिहासातलं ७३ वं प्रकरण बघा, इंग्रजी भाषांतर मिळतं. त्यात बाय-चीच्या जोडीला वांग ज्येन आहे, पुढच्या पिढीतला चिनचा सेनापती. चूवर जाताना ६,००,००० फौज हाती आल्यावर हा गडी वाटेतून पाच वेळा राजाकडे निरोप पाठवून चांगल्या जमिनी मागत राहिला. बरोबरच्यांनी विचारलं की एवढा हावरटपणा बरा दिसतो का, तर म्हणाला, राजा संशयी आहे, सगळी फौज माझ्या हातात आहे, मी पोराबाळांसाठी जमिनी मागत राहिलो तरच त्याला माझी भीती वाटणार नाही.